पारंपरिक समाजातले विधी आधुनिक समाजात आल्यावर कसे बदलतात?

विधी संपतात असं मला तरी दिसत नाही. ते कुणासाठी करायचे, ते बदलतं. आपल्याकडचं लग्नच घ्या.

देवकाला एके काळी खरं काम होतं. अनेक मराठा कुळांत देवक म्हणजे कुळाची खूण: कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. दोन्हीकडचं देवक एकच निघालं की सोयरीक मोडायची. आजही देवक बसतं, पण शहरातल्या पुष्कळ मुलांना आपलं देवक कोणतं हे मांडव पडल्यावरच कळतं. केळवणाचं उलट झालं. पूर्वी ते मामा-आत्यांच्या घरी व्हायचं. आता ऑफिसातल्या मैत्रिणी ताटाभोवती फुलांची महिरप काढून करतात. फोटोंचा सोस सोडला तर मला हे आवडतं. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीची भावकी आता तीच आहे. संगीत मात्र आमच्या आजीच्या लग्नात नव्हतंच. ते उत्तरेकडून, सिनेमातून आलं आणि आता त्याच्यासाठी गुरुजींना ‘जरा आटपा’ म्हणतात!

पण सगळे बदल असे नकळत होत नाहीत. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून लग्नं लावायला सुरुवात केली. मंगलाष्टका मराठीत, वधूवरांनीच एकमेकांना उद्देशून म्हणायच्या. जुन्नरजवळच्या ओतूरला अशी लग्नं झाली, तेव्हा गावच्या जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. म्हणजे विधी बदलला की कुणाचं तरी वतन जातं, आणि भांडण बहुधा तिथेच असतं.

आधुनिक म्हणजे फक्त रजिस्टरवर सही, असंही नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विधी झालेच नसतील तर या कायद्याखाली नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने कन्यादान आवश्यक नसल्याचं म्हटलं. त्यामुळे हल्लीच्या मुली ‘माझं दान नको’ म्हणतात, त्याला कायद्याची आडकाठी नाही. समजूत काढायची ती आत्याची.