टाइमशेअर रिसॉर्टच्या व्यवस्थापकाची नोंदणी असते का?

प्रश्न : मोफत सहल मिळणार म्हणून आम्हां पती-पत्नींना लातूरच्या एका हॉटेलात बोलावले गेले आणि तीन तासांच्या आग्रहापुढे नमून आम्ही महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टचे 25 वर्षांचे सभासदत्व 2,80,000 रुपयांना घेतले. आता रिसॉर्टची व्यवस्था दुसऱ्याच कंपनीकडे गेली असून तिने वार्षिक देखभाल शुल्क दुप्पट केले आहे. अशा व्यवस्थापकाला सरकारकडे नोंदणी करावी लागत नाही का? आणि तक्रारीसाठी आम्ही साताऱ्याला खेटे घालायचे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या देशात टाइमशेअरसाठी, म्हणजे रिसॉर्टमधील खोली दरवर्षी काही दिवस वापरण्याच्या अशा सभासदत्वासाठी, स्वतंत्र कायदा नाही आणि म्हणून त्याच्या व्यवस्थापकांसाठी नोंदणीची स्वतंत्र सक्तीही नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात अशा व्यवस्थापकाला राज्याच्या स्थावर मालमत्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. युरोपीय संघात ग्राहकाला करार 14 दिवसांत विनाकारण रद्द करता येतो आणि त्या मुदतीत त्याच्याकडून पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे ही उणीव फार काळ राहिली आहे, आणि तिची किंमत आपल्यासारखी कुटुंबे मोजत आहेत.

महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी येथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण आपण खोली विकत घेतलेली नसून वर्षातील काही दिवस ती वापरण्याचा हक्क घेतला आहे. (999 वर्षांच्या भाडेपट्ट्याला महारेरा ज्याखाली चालते तो रेरा कायदा लागू होतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले, आपला करार त्या जातीचा नाही.) केंद्रीय पर्यटन मंत्रालय टाइमशेअर रिसॉर्टना मान्यता व श्रेणी देते, परंतु ती ऐच्छिक आहे. नवी कंपनी खरोखर अस्तित्वात आहे का आणि तिचे संचालक कोण, हे मात्र कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

आपला खरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा आहे. त्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्याला साताऱ्याला जाण्याचे कारण नाही. लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग पुरेसा आहे. आपण मोबदला म्हणून भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. करारात लवादाचे कलम असेल तरी घाबरू नये, कारण त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे.

तूर्त करारातील दोन कलमे नीट वाचावीत : शुल्क किती व कशाच्या आधारे वाढवता येते, आणि व्यवस्थापक बदलताना सभासदांना कळवणे बंधनकारक आहे का. त्यानंतर मूळ व नव्या अशा दोन्ही कंपन्यांना पोहोच-पावतीसह टपालाने पत्र पाठवून वाढीचा हिशेब मागावा. सभासदत्व स्थगित होण्याची भीती असल्यास शुल्क लेखी हरकत नोंदवून भरावे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते, म्हणून वाढीव बिलाची तारीख आजच टिपून ठेवावी.