आहेराच्या भरवशावर तीन लाखांचं कर्ज काढू का?

प्रश्न : आमचं लग्न डिसेंबरात दादरच्या एका हॉलमध्ये आहे. हॉल आणि दागिने आईवडील बघताहेत, जेवणाचा खर्च आम्ही दोघं उचलतोय. पाहुणे 400, ताट 850 रुपयांचं. लग्नानंतर मुलुंडला भाड्याच्या वन बीएचकेत राहणार आहोत. दोघांचे मिळून महिन्याला 1 लाख 15 हजार हातात येतात. शिल्लक 1 लाख 20 हजार आहे, पण ती घराच्या डिपॉझिटला जाईल. नवऱ्याच्या न्यू जर्सीतल्या आतेबहिणीने लग्नात वेबसाइटवर भेटवस्तूंची यादी टाकली होती. तिचं म्हणणं, तुम्हाला वस्तू नको असतील तर पत्रिकेवर क्यूआर कोड छापा आणि 'घर निधी' म्हणून पैसेच घ्या. बाबा म्हणतात पत्रिकेवर पैसे मागणं शोभत नाही. त्यांनी तीस वर्षं आहेर केलेत, ते परत येतीलच. आमच्या अंदाजाने साडेतीन लाख जमतील. बँकेच्या ॲपवर 3 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी तयार दिसतंय. ते घेऊन केटररला द्यावं, आहेर आला की फेडावं, उरेल ते घरासाठी ठेवावं, असा विचार आहे. बरोबर आहे का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : कर्ज घेऊ नका. क्यूआर कोड सरसकट सगळ्यांच्या पत्रिकेवर छापू नका. आणि आज घरी गेल्यावर बाबांकडून आहेराची वही मागून घ्या.

ती वही नीट बघा. तुमच्या घरच्या मुंजीत, वास्तुशांतीला, मोठ्या भावाच्या लग्नात कोणी काय दिलं ते तिच्यात असेल. नाव, गाव, पुढे 251, 501, 'साडी', 'स्टीलचा डबा'. म्हणजे त्या वहीत आलेल्या आहेराची नोंद आहे. बाबांनी तीस वर्षांत जे आहेर केले त्यांची नोंद दुसऱ्यांच्या वह्यांमध्ये आहे. त्यातले बरेचसे आधी आलेल्याची परतफेड म्हणूनच गेलेले असतील. ते खातं कधीच बंद झालंय. खरोखर 'येणं' किती, हे वहीतल्या एकेका नावासमोर बाबांना बसवून विचारल्याशिवाय कळणार नाही. 2004 साली दिलेले 501 हे 2,100 होऊन परत येत नाहीत. फार तर 1,001 होतात.

आता तुमचा साडेतीन लाखांचा आकडा. 400 पाहुणे म्हणजे 400 पाकिटं नव्हेत. घरटी एक पाकीट धरलं तर 160 च्या आसपास. साडेतीन लाख जमायला प्रत्येक पाकिटात सरासरी 2,200 रुपये हवेत. त्यातली निम्मी पाकिटं सासरकडची, ती सासूबाईंच्या पर्समध्ये जातील आणि तिथून कधी बाहेर येतील हे लग्नाआधी विचारायची सोय नाही. साड्या, पॅन्टपीस, भिंतीवरची घड्याळं वेगळीच. सरासरी हजार रुपये धरून मी 1 लाख 60 हजारांच्या पुढे जाणार नाही, आणि त्यातलं तुमच्या हातात किती येईल ते तुम्हीच ठरवा.

शिवाय जे येईल ते तुमच्या नावावरचं देणं आहे. मामेभावाचं लग्न, ऑफिसातल्या मैत्रिणीचं बारसं, शेजाऱ्यांची वास्तुशांत. पुढची वीस वर्षं तुम्ही हे पैसे सुटे-सुटे परत करणार. आहेराकडे मी मिळकत म्हणून बघतच नाही. ती अनेकांकडून घेतलेली बिनव्याजी उसनवारी आहे. उसन्या पैशाच्या भरवशावर 13 टक्क्यांचं कर्ज काढणं मला पटत नाही. 3 लाख, तीन वर्षं, 13 टक्के म्हणजे हप्ता साधारण 10,100 रुपये आणि एकूण व्याज 64 हजारांच्या घरात. 'आहेर आला की फेडू' म्हणता, पण पर्सनल लोन मुदतीआधी बंद करताना अनेक बँका शुल्क लावतात, काही तर सुरुवातीचे ठरावीक हप्ते भरल्याशिवाय बंदच करू देत नाहीत. आणि आलेल्या पाकिटांतून पहिल्याच महिन्यात पडदे, गॅस शेगडी, मिक्सर घेतला जातो, हे मी अनेक जोडप्यांच्या हिशेबात पाहिलंय.

आतेबहिणीच्या यादीबद्दल. ही पद्धत अमेरिकेत शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने 1924 मध्ये रुळवली. जोडप्याने कपबश्यांची नक्षी निवडायची, पाहुण्यांनी त्याच नक्षीचा सेट पुरा करायचा. तिथे भेट थेट जोडप्याला असते. आपल्याकडे ती दोन घरांमधली असते, जोडपं निमित्तमात्र. म्हणून यादी पाठवली तरी मामी भांड्यांच्या दुकानातच जाणार, पाच डब्यांचा सेट घेणार आणि काउंटरवरच्या मशीनने त्यावर टिकटिक करत 'मामा-मामींकडून सप्रेम भेट' आणि तारीख कोरून आणणार. नाव घातलेला डबा दुकानदार बदलून देत नाही. वन बीएचकेच्या माळ्यावर असे सेट दोनच मावतात.

क्यूआर कोडला माझा विरोध शोभण्या-न शोभण्यावरून नाही, तो बाबांचा प्रांत. मला खटकते ती सुरक्षितता. पत्रिका आता व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून फिरते. त्यातला कोड कापून दुसरा डकवायला पाच मिनिटं पुरतात, आणि कुडाळच्या काकांना पैसे कोणाच्या नावावर गेले हे बघायची सवय नसते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल पाठवून फोन रिकामा करण्याचे प्रकार गाजल्यापासून वडीलधारी मंडळी अशीही धास्तावलेली आहेत. त्यापेक्षा पत्रिकेवर आपलं जुनं वाक्य छापा : 'कृपया आहेर आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आहेर.' काहीजण तरीही पाकीट आणतील. पण उसनवारी निम्म्यावर येईल.

मग जवळच्यांचं काय? मामा, आत्या, मावशी, ऑफिसचा ग्रुप हे विचारतातच, 'तुम्हाला काय हवं ते सांगा.' यांना 'काही नको हो' म्हणू नका, नाहीतर चांदीचा करंडा येतो. यांना एकेक ठरावीक गोष्ट सांगा. ऑफिसवाल्यांना वॉशिंग मशीन : एकाने यूपीआयवर वर्गणी गोळा करायची, बिल मात्र तुमच्या नावावर, म्हणजे वॉरंटीला अडचण येत नाही, आणि डिलिव्हरी घराची किल्ली हातात आल्यानंतरची. आत्या आणि मोठ्या काकांना मिळून फ्रिज. मामा रोखच देणार म्हणाले तर थेट तुमच्या खात्यात, 'लग्नाची भेट' अशी नोंद टाकून. हे तुम्ही सांगण्यापेक्षा आईने फोनवर सांगितलं तर जास्त सहज होतं. गिफ्ट कार्डं मात्र टाळा. बँकेच्या किंवा वॉलेटच्या गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 10,000 आहे आणि त्यातली रक्कम रोख काढता येत नाही. चार कार्डांवर दोनशे-तीनशे रुपये अडकून पडतात.

कोणी 'म्युच्युअल फंडात घालतो तुमच्या नावाने' म्हणालं तर त्यांच्या खात्यातून तुमच्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) पैसे भरता येत नाहीत. तुम्हाला द्यावेत, तुम्ही भरा. आजीला सोनंच द्यायचं असेल तर नवा दागिना घडवू नये : 3 टक्के जीएसटी आणि वर घडणावळ जाते. तिची जुनी पाटली जशी आहे तशी घ्या. सुवर्ण रोखे सुचवणाऱ्यांना सांगा की सरकारने फेब्रुवारी 2024 नंतर नवे काढलेलेच नाहीत. आहेराऐवजी संस्थेला देणगी ही कल्पनाही चांगली, पण 80जीची (करसवलतीची) पावती देणाऱ्याच्या नावाने निघते, आणि नव्या कररचनेत असेल तर त्याला तिचा करलाभ नाही.

कराचं थोडं नीट समजून घ्या. लग्नानिमित्त वधूला किंवा वराला मिळालेल्या भेटींवर आयकर नाही. नातेवाईक असो वा मित्र, रकमेला मर्यादा नाही. पण ही सवलत लग्न करणाऱ्याला आहे. हॉलमध्ये बाबांच्या हातात दिलेली पाकिटं बाबांच्या खात्यात भरली, आणि त्यात नातेवाईक नसलेल्यांकडची रक्कम वर्षाला 50 हजारांवर गेली, तर ती सगळी त्यांचं उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून रोख तुमच्या दोघांच्याच खात्यात भरा. मोठी रोख भरताना पॅन लागतो. कोणी कितीही जवळचा असला तरी एका व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, दोनदा करूनसुद्धा नाही. दंड घेणाऱ्याला आणि घेतलेल्या रकमेइतकाच. सासू-सासऱ्यांनी तुम्हाला दिलेल्या पैशांची एफडी केलीत तर तिचं व्याज त्यांच्या उत्पन्नात मोजलं जातं, हे त्यांना आधीच सांगा. आणि नवी वही घाला : नाव, रक्कम, तारीख. आयकरवाल्यांनी विचारलं तर पुरावा, आणि कोणाला किती परत करायचं तेही तिच्यातच.

'घर निधी' या नावाबद्दल एक आकडेमोड, म्हणजे मोह कमी होईल. मुंबईच्या हद्दीत 75 लाखांचं घर शोधून सापडलं असं धरू. बँक 80 टक्के, म्हणजे 60 लाख देईल. उरलेले 15 लाख तुमचे. वर 6 टक्के मुद्रांक शुल्क साडेचार लाख, नोंदणी 30 हजार, आणि हे दोन्ही कर्जात बसत नाहीत. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महिला म्हणून शुल्कात एक टक्का, म्हणजे 75 हजार वाचतात. जोडनावावर ही सूट नाही. एकूण 19 लाख 80 हजारांपुढे आहेराचे दीड लाख म्हणजे जेमतेम आठ टक्के. त्यासाठी पाहुण्यांना 'आमच्या घराला हातभार लावा' म्हणण्यात अर्थ नाही. फ्रिज मागा, फ्रिज मिळेल.

राहिला केटरर. 400 ताटं गुणिले 850 म्हणजे 3 लाख 40 हजार, तुमच्या कर्जाचं मूळ हेच. वही घेऊन बसाल तेव्हा बाबांना विचारा, गेल्या दहा वर्षांत ज्यांच्याकडे आपलं येणं-जाणं नाही अशी नावं किती? दोन्ही घरांनी मिळून 250 वर आलात तर 2 लाख 12 हजार 500 होतात. पाकिटं कमी होतील, होऊ द्या. माणशी 850 च्या ताटावर तिघांच्या कुटुंबाने 1,001 चं पाकीट दिलं तर तुम्ही दीड हजारांनी खालीच असता. डिसेंबरला पाच महिने आहेत, दोघंही अजून आईवडिलांकडे राहता. महिन्याला 45 हजार बाजूला काढलेत तर 2 लाख 25 हजार जमतात. आवर्ती ठेव उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाका. बँकेच्या ॲपवरची ती लोनची सूचना बंद करा.

केटररला मात्र या आठवड्यातच फोन करा. बयाणा दिला असेल तर हमीची ताटं किती लिहिली आहेत ते पावतीवर बघा. एकदा 400 लिहून गेले की 250 आले तरी पैसे 400 चेच द्यावे लागतात, आणि हा आकडा खाली आणायला बहुतेकजण लग्नाच्या महिनाभर आधीपर्यंतच तयार असतात.