जुन्या पीसीवरून प्रिंटरवर लक्ष

(आज्ञा आणि आकडे येथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजीत टाइप करावेत. लहान-मोठी अक्षरे सांगितली आहेत तशीच.)

प्रश्न : आमच्या झेरॉक्स-डीटीपी सेंटरात तीन लेझर प्रिंटर लॅनवर आहेत. दोन खाली, एक माडीवर. माडीवरचा टोनर संपला की गिऱ्हाईक ओरडल्यावरच कळतंय. कंपनीचं देखरेख सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोज मागतंय. आमच्याकडं ३२ बिटचा पेंटियम ४, १ जीबी रॅमचा पीसी पडून आहे. त्यात डेबियन १२ (लिनक्स) घातलंय, नुसती काळी स्क्रीन. त्यावर काय होईल काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : होईल, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरजही पडणार नाही. लॅनवरचा प्रिंटर आपला हिशेब स्वतःच ठेवत असतो. एसएनएमपी या पद्धतीने, यूडीपी पोर्ट १६१ वर, विचारलं की तो सांगतो. कोणत्या आकड्याखाली काय सापडेल हे १९९५ पासून प्रमाणित आहे (२००४ साली त्याची सुधारित आवृत्ती आली), म्हणून कंपनी कोणतीही असो, प्रश्न सहसा तेच राहतात.

आधी राउटरमध्ये तिन्ही प्रिंटरचे आयपी पत्ते पक्के करून घ्या. वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग डेबियनवर ‘एसएनएमपी’ नावाचे पॅकेज बसवा. आज्ञा अशी : एसएनएमपीगेट, मग -व्ही २सी (एसएनएमपीची आवृत्ती), मग -सी पब्लिक (प्रिंटरला सांगायचा परवलीचा शब्द), मग प्रिंटरचा आयपी, शेवटी खालच्यापैकी हवा तो आकडा. व्ही आणि सी दोन्ही लहान लिपीत.

एकूण छापलेली पाने : १.३.६.१.२.१.४३.१०.२.१.४.१.१
टोनरची पूर्ण क्षमता : १.३.६.१.२.१.४३.११.१.१.८.१.१
टोनर शिल्लक : १.३.६.१.२.१.४३.११.१.१.९.१.१

क्षमता २३०० आणि शिल्लक ४६० आली, तर २० टक्के. पण भागाकार करण्याआधी शिल्लक उणे आहे का ते तपासा. उणे २ म्हणजे प्रिंटरलाच ठाऊक नाही, उणे ३ म्हणजे थोडाफार आहे पण मोजता येत नाही. हे न तपासता लिहिलेली स्क्रिप्ट भरलेल्या कार्ट्रिजलाही ‘टोनर संपला’ म्हणत बसते. प्रिंटरच्या यादीत (ती काढायची रीत पुढे आहे) टाकाऊ टोनरचा डबा असेल, तर त्याच्यापुढचा आकडा डब्यात उरलेली मोकळी जागा दाखवतो, साठलेली भुकटी नव्हे.

तुम्ही टोनर रिफिल करून वापरत असाल, तर टक्केवारीवर विसंबूच नका. बहुतेक प्रिंटर भुकटी मोजत नाहीत, छपाईवरून अंदाज बांधून चिपवर नोंदवतात. चिप न बदलता भुकटी भरली की आकडा शून्यावरच अडून राहतो. अशा वेळी रिफिलच्या दिवशीचा पानांचा आकडा फाइलमध्ये लिहून ठेवा आणि तुमच्या अनुभवाप्रमाणे १५०० किंवा २००० पाने झाली की इशारा द्या. रिफिलवाल्या दुकानात आम्हाला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

कागद संपणे, अडकणे यासाठी १.३.६.१.२.१.२५.३.५.१.२.१ विचारा. उत्तर षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत येते. पहिल्या जोडीत ८० म्हणजे कागद कमी, ४० कागद संपला, २० टोनर कमी, १० टोनर संपला, ०८ झाकण उघडे, ०४ कागद अडकला, ०२ ऑफलाइन, ०१ सर्व्हिस हवी. दोन दोष एकदम असले तर बेरीज येते : ४८ म्हणजे कागद नाही आणि झाकणही उघडे. इथे हमखास फसगत होते. साध्या आज्ञेत ४० ऐवजी स्क्रीनवर ‘अॅट’चे चिन्ह उमटू शकते आणि २० च्या जागी नुसती मोकळी जागा, कारण त्या अक्षरांचे संकेतांकच ते आहेत. म्हणून आज्ञेत ‘-ओएक्स’ घाला, ओ मोठा, एक्स लहान. मग आकडा आकडाच राहतो.

हे सगळे एका स्क्रिप्टमध्ये घालून क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) दर ५ मिनिटांनी चालवा. मागची स्थिती फाइलमध्ये ठेवा आणि बदल झाला तरच ‘वॉल’ आज्ञेने स्क्रीनवर निरोप टाका. तोच निरोप दर ५ मिनिटांनी दिसू लागला, की दोन दिवसांत त्याकडे कुणी बघत नाही.

‘टाइमआउट’ आले तर पत्ता चुकला, प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद आहे किंवा ‘पब्लिक’ हा शब्द बदललेला आहे. काही जुने प्रिंटर २सी ओळखत नाहीत, तिथे -व्ही १ द्या. ‘नो सच इन्स्टन्स’ आले तर प्रिंटर सापडला, आकडा मात्र त्याच्याकडे नाही. एसएनएमपीवॉकने १.३.६.१.२.१.४३.११ खालची सारी यादी काढून पाहा.

पीसीच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून घ्या. तो उतरला की तारीख मागे जाते आणि नोंदी निरुपयोगी होतात. डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, तेव्हा १२ वरच राहा.

प्रश्न : आमच्या लेझर प्रिंटरला फक्त यूएसबी आहे. त्याला हे चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : एसएनएमपी चालणार नाही. तुमच्या प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर मिळत असेल तर तो जुन्या पीसीला जोडून कप्समधून (लिनक्सची छपाई व्यवस्था) छपाई करा. कप्सच्या सेटिंग फाइलमध्ये ‘पेज लॉग फॉरमॅट’ मुळात रिकामे असते, म्हणून पानांची नोंद होत नाही. ते भरा. नोंद त्या पीसीतून गेलेल्या पानांचीच होईल, टोनर कळणार नाही. रांग बंद पडली का ते ‘एलपीस्टॅट -पी’ सांगते. पडली असेल तर ‘कप्सएनेबल’ आणि पुढे प्रिंटरचे नाव.

प्रश्न : अडत दुकानात डॉसवर तीन प्रतींच्या पावत्या डॉट मॅट्रिक्सवर निघतात. कागद संपल्याचं पीसीवर कळेल का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : प्रिंटर पॅरलल केबलने जोडलेला असेल तर कळेल. डॉसमध्ये ‘डीबग’ चालू करा आणि ‘आय ३७९’ टाइप करा. पहिला पॅरलल पोर्ट सहसा ३७८ वर असतो आणि त्याची स्थिती पुढच्या घरात, ३७९ मध्ये असते. तयार प्रिंटर साधारणपणे डीएफ दाखवतो, कागद संपला की ७७ (हे आकडेही षोडशमानच). शेवटचा अंक थोडा वेगळा आला तरी चालेल, बघायचा तो २० चा बिट : तो लागला म्हणजे कागद नाही. वेडेवाकडे काही आले तर २७९ किंवा ३बीडी विचारून पाहा. ‘क्यू’ने बाहेर पडा.

कागद लावलेला असूनही तो बिट लागत असेल तर दोष बहुतेक वेळा कागदाच्या सेन्सरचा असतो. मिरचीच्या अडतीत धूळ फार. प्रिंटर बंद करून रोलरजवळची छोटी पट्टी बोटाने हलवून पाहा, ती सोडल्यावर झटकन मागे यायला हवी. येत नसेल तर ब्लोअरने हवा मारा. तेल मात्र घालू नका, त्याला धूळ चिकटून पट्टी आठवडाभरात पुन्हा अडते.