टोरांटोजवळचं फ्लाइंग स्कूल, उत्तरेतला रॅम्प की भारतातली एअरबस?

तू लिहिलंस, "दादा, जूनमध्ये ब्रॅम्प्टनला नवऱ्याकडे येतेय. पीआर (कॅनडात कायम राहायची परवानगी) झालाय, गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलचे उड्डाणाचे २१० तास आहेत आणि तीन ठिकाणांहून होकार आलाय. कुठे जाऊ?" तिन्ही ऑफरी नीट वाचल्या. टोरांटोजवळच्या फ्लाइंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर. वायव्य ऑन्टारिओतल्या छोट्या विमान कंपनीत आधी रॅम्प, म्हणजे जमिनीवरची हमाली, मग किंग एअर या छोट्या विमानाची उजवी खुर्ची, म्हणजे को-पायलट. आणि भारतात एअरलाइनमध्ये एअरबस ए३२०, टाइप रेटिंग (त्या एका विमानाचं खास प्रशिक्षण) तुझ्या खर्चाने.

तुझ्या जागी मी असतो तर इन्स्ट्रक्टर झालो असतो. मी स्वतः ते केलं नाही, म्हणून तर सांगतोय.

तू तिन्हींचा पगार एका कागदावर मांडलास. तो कागद तूर्त बाजूला ठेव आणि लॉगबुक काढ. कॅनडाच्या एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सला, एकूण १५०० तास लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातले २५० पीआयसीचे, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्या नावावर असलेले, हे मात्र पुष्कळांना फार उशिरा लक्षात येतं. त्या २५० मध्ये देखरेखीखालचे पीआयसी जास्तीत जास्त १०० धरतात. त्याच २५० मध्ये १०० तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी उडण्याचे, हवेत, त्यातले २५ रात्रीचे. तुझे गोंदियाचे पीआयसी शंभर-सव्वाशे असतील. उजव्या खुर्चीत बसून हा आकडा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. इन्स्ट्रक्टरचा मात्र रोज वाढतो, कारण शिकवताना पीआयसी तूच असतेस. माझ्याबरोबरचे दोघेजण को-पायलट म्हणून दोन हजार तास उडून झाल्यावर सुटीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने सेस्नाचं छोटं विमान भाड्याने घेऊन रात्री गावोगाव फिरायचे. जेवणाच्या टेबलावर आम्ही त्यांना हसायचो. पुढे मलाही तेच करावं लागलं.

आता रॅम्पबद्दल. मी २०१८ च्या उन्हाळ्यात उत्तरेत गेलो तेव्हा "सहा-आठ महिने सामान चढव, मग खुर्ची तुझीच" असं तोंडी सांगितलं होतं. लागले एकोणीस महिने. पेट्या चढवणं, इंधन भरणं, पंखांवरची आवरणं काढणं, उणे ३८ मध्ये हीटरची नळी इंजिनाला लावून उभं राहणं, धावपट्टीलगतचा बर्फ उपसणं. सांगलीच्या पोराला उणे तीसची थंडी म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. एकोणीस महिन्यांत माझ्या लॉगबुकात एक ओळ पडली नाही, उलट इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत फक्त उपकरणांवर उडायची परवानगी) चालू ठेवायला खिशातले पैसे गेले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये उजव्या खुर्चीत बसलो आणि मार्च २०२० मध्ये घरी. सिनिऑरिटीच्या यादीत जो शेवटी लागतो तो पहिला बाहेर पडतो. सहा महिने आधी लागलेला माझा मित्र टिकला.

म्हणून त्या कंपनीला एवढंच विचार: गेल्या दोन वर्षांत रॅम्पवरून किती जण खुर्चीत गेले आणि प्रत्येकाला किती महिने लागले? आकडा सांगितला तर पत्रात मागून घे. "साधारण" म्हणाले तर काय समजायचं ते समज. सोडून गेलेल्या एखाद्या पायलटला शोधून बोल, तो मोकळेपणाने सांगेल. तुला पीआर आहे म्हणून तू वाचलीस. शिकायला येऊन वर्क परमिटवर राहिलेल्या पोरांचं दुखणं वेगळंच, रॅम्पचं काम कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेसाठी, कुशल कामात मोडत नाही. वर्ष राबूनही पीआरच्या बाबतीत हाती शून्य.

एवढं बोललो तरी उत्तरेला नावं ठेवणार नाही. सँडी लेक, बिग ट्राउट लेक या वस्त्यांना वर्षभर चालणारा रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून काही आठवडे गाड्या जातात, बाकी सगळं विमानाने: दूध, डायपर, शिक्षक, बाळंतीण. धावपट्ट्या मुरमाच्या, बहुतेक साडेतीन हजार फुटांच्या आसपास. मध्यरात्री मेडेव्हॅकचा, म्हणजे रुग्णाला विमानाने हलवण्याचा, फोन येतो, वारा आडवा, बर्फ भुरभुरतोय, आणि जायचं की नाही हे ठरवायला आपण दोघंच. उडणं म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. "तुझ्याकडे सहाशे तास आणि थोडे पीआयसी असताना ये" एवढंच माझं म्हणणं. तोवर रॅम्पशिवाय थेट खुर्चीही मिळू शकेल. आणि तिथे बहुधा दोन आठवडे काम, दोन आठवडे सुटी. तिकडच्या थंडर बे शहराहून टोरांटो दीड-दोन तासांचं विमान, म्हणजे घर ब्रॅम्प्टनला ठेवता येतं. तिकीट कोण काढणार आणि क्रू हाउसचं (कामाच्या दिवसांत राहायच्या घराचं) भाडं कोण भरणार, हे मात्र सही करण्याआधी.

फ्लाइंग स्कूलही काही दुधाचं धुतलेलं नसतं. क्लास ४ रेटिंगसाठी, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या पायरीसाठी, २५ तास जमिनीवरचे आणि ३० तास हवेतले धडे, ते तुझ्या पैशाने. मग क्लास ४ ला क्लास १ किंवा २ च्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या इन्स्ट्रक्टरच्या, देखरेखीखालीच शिकवता येतं. चीफ इन्स्ट्रक्टर सोडून गेला की तुझं काम अडलं. बऱ्याच शाळा विमान उडेल तेवढ्याच तासांचे पैसे देतात, आणि नोव्हेंबर ते मार्च ढग किती खाली असतात ते तू येऊन बघशीलच. म्हणून विचार: विमानं किती, त्यातली चालू किती, क्लास ४ वाले आधीच किती रांगेत आहेत, रात्रीचं उड्डाण शिकायला येणारे किती. ज्या शाळेत सहा विमानं आणि चौदा इन्स्ट्रक्टर, तिथे जाऊ नको, मालक कितीही गोड बोलला तरी.

भारतातल्या ऑफरबद्दल मी लांबून बोलणारा माणूस, तरी बोलतो. दोनशे तासांवर जेट हे इथल्या पोरांचं स्वप्न आहे. तू एकटी असतीस आणि नाशिकला राहणार असतीस तर डोळे झाकून घे म्हणालो असतो. पण पंधरा-वीस लाख टाइप रेटिंगचे, वर बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार), वर डीजीसीए या भारतातल्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस (कॅप्टनला वर्षाची). आणि एअरलाइनचा भरवसा तरी काय? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. इथेही लिंक्स एअर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा कुठल्याच देशाला हसण्यात अर्थ नाही. आणि चार वर्षांनी एअरबसचे अडीच हजार तास घेऊन तू इकडे आलीस, तरी पीआयसी त्याच शंभर-सव्वाशेवर असतील. मग तुझीही भाड्याची सेस्ना. नवरा इथे, तू तिकडे, हा हिशेब मी कशाला करू, तो तुमचा.

बाँड कुठल्याही ऑफरमध्ये असो, एक ओळ शोध: रक्कम दर महिन्याला कमी होते की मुदत संपेपर्यंत पूर्ण तशीच राहते? दोन वर्षांचा बाँड असेल तर पहिल्या प्रकारात वर्षाने निम्मी सुटका होते. दुसऱ्या प्रकारात तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी सगळे पैसे मागतात. कंपनीनेच काढून टाकलं तर काय, हेही लिहिलेलं असावं. माझ्या पहिल्या करारात नव्हतं आणि २०२० मध्ये त्यावरून बरीच कटकट झाली.

पण या सगळ्याआधी कॅटेगरी १ चं मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी आरोग्य तपासणी. ते हातात येईपर्यंत कुठेही सही नको, क्लास ४ चे पैसेही भरू नको. मोठ्या विमानतळाच्या पाससाठी गेल्या पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, परदेश प्रवास विचारतात, त्याची यादी आत्ताच करून ठेव. नंतर हॉस्टेलच्या तारखा आठवत नाहीत. गोंदियाहून चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या सही-शिक्क्याने तासांचा दाखला घे, त्यात पीआयसी, रात्र आणि क्रॉस-कंट्री वेगवेगळे लिहून माग. आणि मूळ लॉगबुक विमानात जवळच्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये टाकू नको.