इंजिनिअर बोलवा, पण आधी सह्या मोजा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ४७, गोवा सरकारची नोकरी, पगार हातात महिना ९० हजार. फोंडा तालुक्यात चिऱ्यांच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं जुनं घर ६० लाखांना घ्यायचं आहे. शिल्लक १६ लाख; त्यातले ५ लाख विक्रेत्याच्या हातात टोकन म्हणून गेले आहेत. बँकेने ४८ लाखांच्या कर्जाला तत्त्वतः होकार दिला आहे, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमीन नोंदीच्या उताऱ्यावर, विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांचं नाव आहे. आई हयात, विक्रेत्यासकट चार भावंडं विवाहित, एक बहीण पोर्तुगालमध्ये. ‘इतर हक्कां’च्या रकान्यात एक परकं नाव आहे, पण ‘ते जुनं आहे’. प्रश्न असा, की बँकेचा व्हॅल्युअर येणारच आहे, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरवर वेगळे २५ हजार खर्च करावेत का?

करावेत. व्हॅल्युअर बँकेसाठी येतो. कर्ज थकलं तर घर विकून किती वसूल होईल, एवढंच तो पाहतो. कौलांवर तो चढत नाही. मात्र हे २५ हजार सर्वात शेवटी खर्च करा, कारण आज हे घर विकायला समोर पुरा मालकच नाही.

एक-चौदा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार न करता लग्न झालं असेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे निम्मं घर आईचं, उरलेलं चार भावंडांचं, आणि प्रत्येकाच्या वाट्यात जोडीदाराचाही हक्क. विक्रीखतावर नऊ सह्या हव्यात. तुम्ही ५ लाख एकाच्या हातात दिलेत. ‘बाकीच्यांची हरकत नाही’ हे त्याचं तोंडी वाक्य आहे, त्यावर घर मिळत नाही.

वडिलांचे वारस कोण हे ठरवणारा दस्त झाला आहे का, ते आधी विचारा. नसेल तर तो आधी, मग पुढचं बोलणं. पोर्तुगालच्या बहिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं रीतसर मुखत्यारपत्र लागेल. ती दोघं करासाठी अनिवासी असतील तर त्यांच्या वाट्यावर नेहमीचा १ टक्का टीडीएस चालत नाही, अनिवासींचा चढा दर लागतो. तो कापला नाहीत तर वसुली तुमच्याकडून होते.

ते ‘जुनं’ नाव तर मुळीच सोडू नका. ते मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं असेल, तर १९७५च्या कायद्याने त्याला तिथून सहजासहजी हटवता येत नाही, उलट आपलं राहतं घर विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. सब-रजिस्ट्रारचा बोजा नसल्याचा दाखला फक्त नोंदलेले व्यवहार दाखवतो. मुंडकार किंवा बहिणीचा हिस्सा त्यात दिसत नाही. स्वतःचा वकील नेमा, जुने पोर्तुगीज दस्त वाचणारा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. सगळ्या सह्या ठरलेल्या तारखेपर्यंत जमल्या नाहीत तर ५ लाख परत, असं आताच लिहून घ्या. तोवर एक रुपयाही पुढे देऊ नका.

आता हप्ता. ४८ लाखांवर तो साधारण ४१,७०० येतो. साठाव्या वर्षी निवृत्त व्हाल तेव्हा २६ लाख बाकी असतील. निवृत्तीआधी फेडायचं तर हप्ता ५१ हजार. दलालाने सांगितलेले होमस्टेचे महिना ३० हजार विसरा. चार महिने, महिन्याला २० रात्री, ३ हजार दर, असा उदार हिशेब केला तरी वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. सफाई, वीज, कमिशन वजा केल्यावर महिन्याला १३ हजारांच्या आसपास उरतील. त्यासाठी पर्यटन खात्यात नोंदणी लागते, ती वेगळी.

आणि कर्जात मिळवलेला २ लाख २० हजारांचा विमा? संरक्षण ५ वर्षांचं, हप्ते २० वर्षं. व्याजासकट ४ लाख ६० हजार मोजाल. ही उघड फसवी विक्री आहे. तो सक्तीचा नाही, लेखी नकार द्या. साधा टर्म विमा बाहेरून घ्या.

कागद जुळले तर भूमापन खात्याचा नकाशा घेऊन सर्व्हेयरकडून कुंपण आणि वाट ताडून पाहा. मग इंजिनिअर, आणि तोही पावसात. आढं मध्ये खचलंय का, वासे भिंतीवर टेकतात तिथे स्क्रूड्रायव्हर आत शिरतो का, भिंतीच्या पायथ्याशी ओल किती वर चढली आहे, चिरे चुन्यात बसवलेत की मातीत, हे त्याने लिहून द्यावं आणि प्रत्येकाचा खर्च समोर मांडावा. छप्पर आणि वाळवीचं काम ८ लाखांचं निघालं तर करार होण्याआधी तेवढी किंमत कमी करून मागा. १२ लाख घरात आणि सुमारे ४ लाख स्टँप ड्युटी-नोंदणीत गेल्यावर तुमच्याकडे कौलं बदलायलाही पैसे उरत नाहीत.