वाचकांचे प्रश्न : पदवीनंतर डॉक्टर व्हायचे असेल तर कोणता अभ्यासक्रम निवडावा?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. यंदा अमरावती विद्यापीठातून रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन मी बी.एस्सी. झाले. बारावीनंतर एकदा नीट दिली होती, पण गुण फारच कमी पडले. माझ्या मावसबहिणीने अमेरिकेत पदवीनंतर वर्षभराचा एक विशेष अभ्यासक्रम केला आणि त्यानंतर तिला मेडिकलला प्रवेश मिळाला. मलाही अजून डॉक्टर व्हायचे आहे. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., मेडिकल कॉलेजमधील एम.एस्सी., सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी किंवा डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) यांपैकी काय केले तर माझा मेडिकलचा अर्ज भक्कम होईल? बाबांची कोरडवाहू शेती आहे आणि धाकटा भाऊ दहावीत आहे, त्यामुळे वर्ष वाया घालवणे परवडणारे नाही.

उत्तर : तुमच्या मावसबहिणीने केले ते तिच्या देशातील पद्धतीला धरून योग्यच होते. अमेरिकेत मेडिकल कॉलेजचा प्रवेश साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतर होतो. पदवीचे गुण, एमकॅट ही परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, रुग्णालयातील कामाचा अनुभव आणि मुलाखत हे सारे प्रवेश समिती एकत्र पाहते. त्यामुळे ज्यांचे पदवीचे गुण कमी पडले असतील ते पदवीच्याच पातळीवरचे विज्ञान विषय पुन्हा शिकून आपली सरासरी सुधारतात, किंवा मेडिकलच्या पहिल्या वर्षाशी मिळताजुळता असा मास्टर्सचा अभ्यासक्रम करून आपण हा भार पेलू शकतो हे समितीला दाखवून देतात. या दोहोंत तेथेही फरक आहे. पदवीच्या पातळीवरील विषयांचे गुण मूळ सरासरीत मिसळले जातात, तर मास्टर्सचे गुण वेगळे मांडले जातात. म्हणून ज्यांची सरासरी बरीच घसरली आहे त्यांना आधी पहिला मार्ग सुचवला जातो.

आपल्याकडे मात्र अर्ज वाचणारी समितीच नाही. एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीटच्या गुणवत्ता क्रमांकावर, आरक्षणाच्या प्रवर्गावर आणि तुम्ही भरलेल्या महाविद्यालयांच्या पसंतीक्रमावर ठरतो. बी.एस्सी.त तुम्हाला किती टक्के मिळाले, तुम्ही एम.एस्सी. केली का, रुग्णालयात सेवा केली का, या कशाचाही एक गुणसुद्धा तेथे मिळत नाही. म्हणूनच तुम्ही विचारलेल्या चारही अभ्यासक्रमांपैकी एकानेही तुमचा मेडिकलचा अर्ज भक्कम होणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. ते अभ्यासक्रम वाईट आहेत असे मुळीच नाही, पण ते करायचे तर त्यांच्या स्वतःच्या मोलासाठी करावेत. मेडिकलची पायरी म्हणून त्यांवर वर्षे आणि पैसा घालवू नये.

तुमच्यासाठी दार मात्र उघडे आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असतील आणि विज्ञान विषयांत खुल्या प्रवर्गासाठी ५० किंवा राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण असतील, तर तुम्ही पुन्हा नीट देऊ शकता. २०२२ पासून या परीक्षेला कमाल वयाची अट नाही आणि ती किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येते. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, १८० रसायनशास्त्राचे आणि १८० भौतिकशास्त्राचे असतात. तुम्ही पदवीला भौतिकशास्त्र घेतलेले नाही, म्हणजे गेली तीन वर्षे तो विषय तुमच्या हातातून सुटलेला आहे. जीवशास्त्र-रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेले अनेक विद्यार्थी येथेच अडतात, कारण आवडीच्या विषयाची उजळणी करण्यात महिने निघून जातात आणि भौतिकशास्त्र मार्चवर ढकलले जाते. ते पहिल्या दिवसापासून, रोज, सकाळच्या ताज्या वेळेत करावे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, त्यामुळे किती प्रश्न सोडवले यापेक्षा कोणते सोडवले याला महत्त्व येते. भौतिकशास्त्राचे ३० प्रश्न सोडवून २० बरोबर आणि १० चूक आले तर हाती ७० गुण पडतात. तेच २२ सोडवून १९ बरोबर आणि ३ चूक आले तर ७३ पडतात. हा संयम पुस्तक वाचून येत नाही, वेळ लावून सोडवलेल्या सराव परीक्षांतूनच येतो. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके ओळीने वाचावीत. पदवीला तुम्ही एखादा विषय अधिक खोलात शिकला असाल, तरी येथे उत्तर त्या पुस्तकातील विधानाला धरूनच निवडावे लागते.

आणखी एक गोष्ट विदर्भातील मुलांनी विशेष लक्षात ठेवावी. परीक्षा मे महिन्यात दुपारी दोन वाजता सुरू होते आणि केंद्राचे फाटक दीड वाजता बंद होते. यवतमाळ किंवा अमरावतीच्या केंद्रावर पोहोचण्यासाठी सकाळचीच एसटी धरावी लागते, आणि मग पारा ४४-४५ अंशांवर असताना तीन तास डोके शांत ठेवावे लागते. सराव परीक्षा रात्रीच्या गारव्यात दिल्या तर या स्थितीची सवय होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्या दोन ते पाच याच वेळेत द्याव्यात.

किती गुण लागतील, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. गुणांपेक्षा क्रमांकाकडे पाहावे. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. त्यामुळे एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाला लावणे दिशाभूल करणारे ठरते. राज्याच्या सीईटी कक्षाने प्रसिद्ध केलेल्या मागील याद्यांतून तुमच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला ते पाहावे. ‘विदर्भाच्या मुलांना विदर्भात सत्तर टक्के जागा असतात’ असे गावात अजूनही कोणी सांगेल, परंतु ती विभागवार पद्धत २०२० मध्ये रद्द झाली आहे. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा गोंदियाच्या शासकीय महाविद्यालयातील राज्य कोट्याच्या जागेसाठी तुमची स्पर्धा लातूर-पुण्याच्या मुलांशीही आहे.

तुम्ही विचारलेल्या अभ्यासक्रमांबद्दल थोडे सांगते. मेडिकल कॉलेजातील शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. सहसा तीन वर्षांची असते. तिच्यातून अध्यापन, संशोधन आणि प्रयोगशाळेची वाट मिळते, रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. डीएमएलटीचा उपयोग लवकर कमावते होण्यासाठी होतो आणि तालुक्याच्या ठिकाणी त्याला काम आहे. मात्र शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेची पदविका राज्याच्या पॅरावैद्यक परिषदेकडे नोंदणीस पात्र आहे का, याची लेखी खात्री करून घ्यावी. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीबद्दल मला मनापासून आदर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले, ते याच शास्त्राचे काम होय. पण त्या दोघांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण डॉक्टर झाल्यावर घेतले होते, हा क्रम ध्यानात घ्यावा. डॉक्टर न होताही ही पदवी घेता येते, आणि पुढे गावोगावच्या आरोग्याचेच काम करायचे असेल तर चारही पर्यायांत मला तीच तुमच्यासाठी सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

माझा सल्ला असा की, पुढची नीट होईपर्यंतचा काळ कोठेही प्रवेश न घेता पूर्णपणे याच अभ्यासाला द्यावा. त्याआधी या आठवड्यातच मागील वर्षाची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि आलेला आकडा बाबांसमोर ठेवून निर्णय घ्यावा. निकाल साधारणपणे जूनमध्ये लागतो आणि विद्यापीठांचे एम.एस्सी.चे प्रवेश त्यानंतरही सुरू असतात. बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस.चे प्रवेशही नीटवरच होतात, तेव्हा ते तुम्हाला चालतील का हे घरात आधीच ठरवून ठेवावे. पुढच्या वेळीही क्रमांक खूप दूर राहिला, तर तिसऱ्या प्रयत्नासाठी आणखी एक वर्ष देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे आणि शासकीय महाविद्यालयात शिकल्यास त्यानंतरची एक वर्षाची बंधपत्रित सेवा हा काळ तुमच्या घराच्या हिशेबात धरावाच लागेल.

अभ्यास चालू असतानाच कागदपत्रांना लागावे. अधिवास प्रमाणपत्र, शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, आणि प्रवर्गानुसार जात वैधता व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हाताशी हवे. वैधतेला महिने लागू शकतात आणि ऐन प्रवेशाच्या वेळी त्यापायी जागा जाते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशात शिक्षण शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखलाही तहसीलमधून वेळेत काढावा.

कोणी ‘बी.एस्सी.वरून एम.बी.बी.एस.च्या थेट दुसऱ्या वर्षाला घालून देतो’ असे म्हणाले, तर त्याला एक रुपयाही देऊ नये, कारण भारतात असा प्रवेश अस्तित्वातच नाही. परदेशात जाऊन एम.बी.बी.एस. करायचे आणि येथे परतून व्यवसाय करायचा, तरीही नीट उत्तीर्ण असणे आणि परतल्यावर येथील पात्रता परीक्षा देणे भागच आहे.

धाकट्या भावालाही डॉक्टर व्हायचे असेल आणि तुमचे कुटुंब इतर मागास, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातील असेल, तर नागपूरची महाज्योती ही शासकीय संस्था दहावीनंतर अकरावी विज्ञानाला गेलेल्या मुलांना नीटचे मोफत प्रशिक्षण देते. त्याचा दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास तिच्या संकेतस्थळावरील जाहिरातीकडे लक्ष ठेवावे.