वाचकांचे प्रश्न : फाइलच्या नावातील ‘ऱ’

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात संगणकाचे लहानसे केंद्र चालवतो. परिसरातील कास्तकारांचे पीकपेऱ्याचे आणि बँकेचे कागद स्कॅन करून प्रत्येक फाइलला त्या कास्तकाराचे नाव मराठीतच देतो. नावांची यादी एक्सेलमध्ये आहे. यादी आणि फोल्डर यांची जुळवणी करण्यासाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला; परंतु ४१२ पैकी ३७ फाइली त्याला सापडत नाहीत, आणि मला मात्र त्या फोल्डरमध्ये स्पष्ट दिसतात. त्यांत ‘वऱ्हाडे’ हे आडनाव वारंवार येते. एका जाणकाराने सगळी नावे इंग्रजीत करण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तसे करू नका. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव रोमन लिपीत लिहायला दहा जणांना सांगितले, तर व्ही की डब्ल्यू आणि एक ‘ए’ की दोन, याच घोळात त्याची चार-पाच रूपे तयार होतील आणि जुळवणी आजच्यापेक्षा अवघड होईल. शिवाय ज्याचे कागद आहेत त्या कास्तकाराला स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत वाचता आले पाहिजे, हा आपला आग्रह मला अगदी योग्य वाटतो.

आपल्या अडचणीचे मूळ त्या आडनावातील अर्ध्या ‘ऱ’मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हे अक्षर तीन प्रकारे लिहिले जाते आणि पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे ही कळ दाबली की हाच ‘ऱ’ उमटतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त असतो. तिसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा एक जोडक असतो, ज्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही पद्धत अजून चालू ठेवली आहे. ‘वऱ्हाडे’ या नावाची लांबी पायथॉनला विचारली, तर पहिल्या प्रकारात ७ आणि उरलेल्या दोन्ही प्रकारांत ८ असे उत्तर येते. प्रोग्रॅम अक्षराचा आकार पाहत नाही, चिन्हांचे क्रमांक पाहतो. त्यामुळे यादी एका कळफलकावर आणि फाइलचे नाव दुसऱ्यावर टंकित झाले असेल, तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसे ठरतात.

यावर उपाय असा, की मूळ नावाला हात न लावता प्रत्येक नावापासून केवळ तुलनेसाठी एक किल्ली तयार करावी आणि यादी व फोल्डर या दोहोंना तीच प्रक्रिया लावावी. प्रथम युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ फंक्शनने नाव एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडने ठरवलेल्या एकसंध रूपात, आणावे. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. तिसरा मात्र होत नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. जोडक नुसता पुसून टाकला, तर उरलेला ‘र’ आणि हलन्त पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. म्हणून ‘र’, हलन्त आणि जोडक हे तिन्ही ओळीने आले, की त्यांच्या जागी आधी ‘ऱ’ आणि हलन्त घालावेत, आणि उरलेले जोडक त्यानंतरच काढावेत. दर्यापूरच्या नावात जोडक नसल्यामुळे त्यातील रफार या प्रक्रियेत सुरक्षित राहतो. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच गत आहे. त्याला स्वतंत्र चिन्ह २००८ साली मिळाले, त्याआधीचे मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले असतात आणि एनएफसी त्यांना एक करत नाही, तिथेही बदल स्वतःच करावा लागतो.

आपल्या प्रोग्रॅममध्ये नाव ‘स्वच्छ’ करणारी ओळ असल्यास ती आजच तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुरातील नमुने शोधण्याच्या सूत्रातील, बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह अक्षरे ओळखते, परंतु पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षरात धरत नाही. ‘अक्षर नसेल तिथे अधोरेषा घाला’ असे सांगितले, की ‘शेतकरी’चे ‘श_तकर_’ होते. ‘मोरे’ आणि ‘मीरा’ ही दोन्ही नावे तर ‘म_र_’ होतात, आणि त्या नावाने फाइल जतन केली की एका कास्तकाराचा कागद दुसऱ्याच्या कागदाखाली कायमचा जातो. त्याच कारणाने, दोन फाइलींची किल्ली एकच निघाली तर प्रोग्रॅमने थांबून विचारावे, आपल्या मनाने एक निवडू नये.

मराठीत लांब नाव देताना एवढे ध्यानात असू द्यावे, की लिनक्सवर सर्वसाधारणपणे फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. विंडोजवर सहज बसलेले नाव तिथे अडते ते यामुळे.

प्रश्न : सातबाऱ्यांच्या फाइलींना प्रोग्रॅममधून ‘गट ४५/२’ असे नाव दिले की फोल्डर सापडत नसल्याची चूक येते. असे का?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : तिरकी रेघ हे फोल्डर वेगळे करणारे चिन्ह आहे, प्रोग्रॅम ‘गट ४५’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘२’ नावाची फाइल शोधतो. तिच्या जागी जोडरेघ वापरावी आणि खरा गट क्रमांक यादीत जसाच्या तसा ठेवावा. तिरक्या रेघेसारखी दिसणारी दुसरी युनिकोड चिन्हे घालण्याचा मोह टाळावा, कारण शोधताना ती कळफलकावर मिळत नाहीत. विंडोजवर विसर्गासारखा दिसणारा कोलनही चालत नाही, आणि तिथली चूक अधिक फसवी आहे. ‘वेळ १०:३०’ या नावाने फाइल लिहिली, तर एनटीएफएस (विंडोजची नेहमीची साठवण पद्धत) डिस्कवर कित्येकदा चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ‘वेळ १०’ नावाची शून्य बाइटांची फाइल तेवढी दिसते आणि मजकूर तिच्या आडच्या, फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या प्रवाहात जाऊन बसतो. आपल्याकडे अशा रिकाम्या फाइली असतील तर त्या पुसण्यापूर्वी कमांड प्रॉम्प्टवर डीआयआर या आज्ञेला तिरकी रेघ आणि आर जोडून पाहावे. लपलेला मजकूर तिथे नावासह दिसतो.